तिसरं अक्षर

आजीला चाळिशीत ऐकू येईनासं झालं, तेव्हा
सगळ्यांनी लाकूडगिरणीला दोष दिला.
आईला झालं, तेव्हा गिरणी बंद पडून
अकरा वर्षं उलटली होती.

ओउलूच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर रौतियोंकडे कोरा कागद नव्हता.
माझ्याच पिशवीतली जळाऊ लाकडाची पावती उलटी करून
त्यांनी एक पान काढलं, तीन पाकळ्यांचं, देठासकट.
"हा वाहक आरएनए. पेशीतला हमाल म्हणा.
सत्तर-पंचाहत्तर अक्षरांचा दोर, स्वतःभोवतीच गुंडाळलेला.
एका टोकाला माल. दुसऱ्या टोकाला तीन अक्षरं.
निरोपाच्या पट्टीवर जिथे ती तीन जुळतील
तिथे माल उतरवायचा
आणि रिकाम्या हातांनी परत."

माल बरोबर आहे का, हे कोण बघतं?
"चढवताना बघतात. उतरवताना कुणी नाही.
धक्क्यावर फक्त बिल्ला वाचतात."

मी बारा वर्षं बंदरात पावत्या तपासते,
कागदाची रिळं, लगद्याचे गठ्ठे.
एवढ्या भरवशावर आमच्याकडे
एक खोकं हलत नाही.
आणि माझ्या आत, या क्षणी,
अब्जावधी हमाल
न विचारता, न भांडता,
माझं नख वाढवताहेत.

आमच्या घरात बिघडलाय तो
ल्यूसीन वाहणारा.
पेशीच्या भट्टीतला, घरचाच हमाल.
तीन हजार दोनशे त्रेचाळीसाव्या जागी
ए हवा, तिथे जी.
"तो येतो," डॉक्टर म्हणाल्या, "पुष्कळदा मालही आणतो.
पण तिसरं अक्षर वाचायला
बोटावर एक बारीक नक्षी कोरलेली लागते.
ती कुणी कोरलीच नाही.
मग तो पट्टीसमोर उभा राहतो,
चष्मा विसरलेल्या माणसासारखा."
भट्टीला पुरेसं सरपण मिळत नाही.
कान आधी विझतात. कान फार खातात.

हे आईकडूनच येतं. फक्त आईकडून.
एएरोलाही आहे, पण त्याच्या मुलांना नाही.
त्याच्यापाशी रस्ता संपतो,
माझ्यापाशी वळतो.
माझ्या रक्तात अठ्ठावीस टक्के. स्नायूंत किती,
ते कापून बघितल्याशिवाय कळत नाही.
तूउली सात वर्षांची आहे.
नदीत कुठे तडा गेला
तर माझ्याआधी तिला ऐकू येतं.
तिची तपासणी मी अजून केलेली नाही.
करीन. हे वाक्य मी
नोव्हेंबरपासून म्हणते आहे.

आई आता ओठ वाचते.
ओठांवर म आणि प एकसारखेच दिसतात,
हे तिनेच मला शिकवलं, आरशासमोर उभं करून.
आमच्या बोलीत मॅऽ म्हणजे मी.
पॅऽ म्हणजे डोकं.
आवाज काढून टाकला
तर दोन्ही एकच: ओठ मिटले, ओठ उघडले.
बाकीचं संदर्भावरून घ्यायचं,
आणि संदर्भ, ती म्हणते, बहुतेक वेळा
समोरच्याच्या तोंडात असतो, चेहऱ्यावर नसतो.

त्या संध्याकाळी ती बटाटे सोलत होती.
मला दारात बघून विचारलं, "एएरोनंतर, आणखी कुणाला?"
तिचा आवाज हल्ली फार मोठा येतो,
शेजारच्या जिन्यापर्यंत जातो.
मी म्हणाले, "मॅऽ."

तिने माझ्या ओठांकडे पाहिलं. सुरी ठेवली.
हात एप्रनला पुसले, दोन्ही बाजूंनी,
आणि ओला, स्टार्चचा वास येणारा तळवा
माझ्या कपाळावर ठेवला.
"ताप नाही," ती म्हणाली. "झोपत नाहीस तू."
बराच वेळ हात तिथेच राहिला.
मी चूक दुरुस्त केली नाही.
उद्या लिहून देईन, असं ठरवलं,
मोठ्या अक्षरांत, पावतीच्या उरलेल्या जागेत.

खिडकीशी तूउली काचेवर नाक टेकून उभी होती.
"यॅऽ," ती म्हणाली, बाहेर बोट दाखवत.
बर्फ.
किंवा: थांब.
आमच्या भाषेत दोन्ही
त्याच तीन अक्षरांत लिहितात.