शुद्धिपत्र

टार्टूच्या त्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही तिघं मिळून देश अकारविल्हे लावत होतो.
एकेका माणसाला सात ओळी.
मंत्री असेल तर अकरा,
मंत्र्यानं पुस्तक लिहिलं असेल तर चौदा.
जन्म, आडवी रेघ, मृत्यू.
रेघ सगळ्यांना सारखीच हवी,
ती मी पट्टी लावून तपासायची.

मुद्रितं माझ्याकडे यायची.
बिशपच्या मागे राहून गेलेला स्वल्पविराम,
एका भूगर्भशास्त्रज्ञाच्या एकाच वर्षातल्या दोन बायका,
आणि 'स्थळ अज्ञात'.
हे दोन शब्द मी इतक्यांदा वाचले
की मला ते गावच वाटायला लागलं,
पूर्वेला कुठेतरी, कडाक्याच्या थंडीतलं,
आमच्या राजधानीपेक्षा दाट वस्तीचं.

मार्चमध्ये एक म्हातारा आला.
जिन्यात दोनदा थांबला, ते आत ऐकू आलं.
कोटाला धुराचा वास, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा.
पेइप्सी सरोवराकडून, म्हणाला, दोन बस बदलून.
दुसरा खंड मागितला. चष्मा पुसला.
पान चारशे बारावर बोट ठेवलं:

*पिहेलगस, आर्वेद. स्केटिंगपटू.*
*१९१२ – १९४९, स्थळ अज्ञात.*

"हा मी."

संपादक कुल्दर उठून उभे राहिले.
छापून मेलेल्या माणसाला
बसा म्हणावं की नाही, हे त्यांना कळेना.
मग घाईघाईनं म्हणाले, क्षमा असावी,
इथून काढून तुम्हाला जिवंतांच्या खंडात घेऊ.
आणि फॉर्म पुढे केला:
पदं. पुरस्कार. प्रकाशनं. सदस्यत्व.

त्यानं तो सावकाश वाचला, मागची कोरी बाजूसुद्धा.
"एकोणपन्नासनंतर आठ वर्षं कोळसा.
मग पीटच्या कारखान्यात रात्रपाळी.
मग सायकली.
ट्यूबला ठिगळ फार चांगलं लावतो मी,
ते प्रकाशनांत धराल का?"

कोणी हसलं नाही.
मग तोच हसला.

"राहू द्या मला इथेच. शेजार चांगला आहे,
वर वनस्पतिशास्त्रज्ञ, खाली पाद्री.
मरण चुकलंय तुमचं,
पण फार काही चुकलेलं नाही.
मी आलोय तो तिसऱ्या ओळीसाठी."

तिसरी ओळ: *आई मिना, मच्छीमार कुटुंबातील.*

"दीर्घ आहे ते," तो म्हणाला. "मीना.
बाप होडीतून हाक मारायचा तेव्हा
तो स्वर काठापर्यंत पुरायचा.
तुम्ही ऱ्हस्व करून टाकलात.
ऱ्हस्व मिना म्हणजे आपल्या भाषेत 'मी'.
म्हणजे काय, मीच माझी आई?"

ते पान मी चार वेळा तपासलं होतं.
रेघेला पट्टी लावली होती.

मासा तो टेबलावरच विसरला.
किंवा विसरला नसावा.
आम्ही तो खिडकीत बसून हातानं खाल्ला,
कुल्दरनी काटे मुद्रितावर काढून ठेवले,
आणि प फाईलला तो वास
पुढच्या हिवाळ्यापर्यंत होता.

तिसऱ्या खंडाच्या शेवटी बारीक टाइपात आलं:
*खंड दोन, पान ४१२, ओळ ३.*
*'मिना' ऐवजी 'मीना' असे वाचावे.*
त्याच्या वर नाही, खाली नाही,
दुसऱ्या ओळीबद्दल एक अक्षर नाही.

पाच वर्षांनी त्याच्या शेजारणीचं पत्र आलं.
गुरुवारी गेला, लिहिलं होतं, झोपेतच,
तुमच्या पुस्तकात नोंद करायची असेल तर.
आणि त्याचा एक हवेचा पंप आमच्याकडे आहे,
तो कुणाला हवा आहे का?

पत्र मी फाईलला लावलं.
स्थळ आता ठाऊक होतं, वारसुद्धा.
दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

पंपाबद्दल मात्र मी
उलट टपाली कळवलं.