गुरुवारी घंटा नाही

दर गुरुवारी मी दोर खुंटीला गुंडाळतो
आणि सातची घंटा देत नाही.
पहिल्या महिन्यात कुरकुर झाली.
आंजेलीन म्हातारी म्हणाली, इनास, देव काय म्हणेल?
फादर म्हणाले, देवाकडे घड्याळ आहे.

खानापुरात आवाज काय कमी आहेत:
लोंढ्याकडची मालगाडी, खाणीतले सुरुंग, लग्नातला कर्णा.
ते आमच्या हातात नाहीत.
हा दोर आहे.

चर्चमागच्या हॉलमध्ये
सिस्टर लिडविन आधी गोल खुर्च्या मांडायची.
केरळातून शिकून आलेली, पुस्तकात गोल होता.
कोणी बसेना.
गोलात प्रत्येकाच्या पाठीमागे काहीतरी उघडं राहतं,
हे पुस्तकवाल्याला कुठून कळणार!
आता सगळे भिंतीला पाठ लावून बसतात.
अकरा माणसं, मधे रिकामी फरशी,
बोलायचं तर ओरडूनच.
पहिलं रडणंही ओरडूनच झालं,
"चहात साखर जास्त पडलीय" म्हणताना.

माझं काम दुभाष्याचं.
ईरप्पा हडपद कन्नडात बोलतो, मी मराठीत सांगतो.
शेवंता पाखरे मराठीत, मी कन्नडात.
खरं तर गरज नाही.
ईरप्पानं मराठा पलटणीची डोकी भादरली अठरा वर्षं,
शेवंता गोकाकची लेक,
बाबाजान नदाफ तर दोन्हीत शिव्या देतो.
पाट्यांवरच्या अक्षरांसाठी भांडणारं गाव हे,
पण बाजारात आपण कुठल्या भाषेत घासाघीस केली
ते घरी पोचेपर्यंत कुणाला आठवत नाही.
सिस्टरला मराठी येईना म्हणून मला बोलावलं.
मग तिला आलं. मी उठलो.
ईरप्पा म्हणाला, बस की.
माझं बोलणं तुझ्या तोंडून आलं
की जरा लांबून दिसतंय.

म्हणून मी बसतो, आणि "मी" म्हणतो.
"तो म्हणतो" म्हणायचं नाही, सिस्टरचा नियम.

मी म्हणतो: जाफन्यात विहिरीवर
मी एका पोराची दाढी केली, त्याची पहिलीच.
गालावर नुसती लव. तरी साबण लावला, हौस त्याची.
संध्याकाळी त्याला ओळखायला मलाच बोलावलं.
हनुवटी तेवढी होती.

मी म्हणतो: तार आली तेव्हा मी भाकरी थापत होते.
ती भाकरी पुढे कुणी खाल्ली, कळलेलं नाही.

"होते" आता माझ्या जिभेला अडखळत नाही.

मी स्वतः युद्ध पाहिलेलं नाही.
कौलांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं हिशेब लिहिले.
घरी गेलो की बायको विचारते,
आज कोण होतास?

एकदा सिस्टरनं क्षमेचा उतारा काढला.
शेवंता म्हणाली, करते की,
कुणाला करायची त्याचं नाव तरी द्या.
सिस्टरनं पुस्तक मिटलं.
तेव्हापासून शेवटी दोन मिनिटं गप्प बसायचं.
बाबाजान तेवढा वेळ बाहेर चपला राखतो,
म्हणतो, तुमचा आत, माझा बाहेर,
बघून घेतील एकमेकांना.

परशराम घाडी पाच महिने बोललेला नाही.
गाव त्याला चाकोरीतला माणूस म्हणतं, कौतुकानं.
तो खरोखरच चाकोरीतून चालतो,
बैलगाडीच्या.
जिथून चाक गेलं तिथं खाली काही पुरलेलं नसतं.

गेल्या गुरुवारी हॉलपुढचा रस्ता सिमेंटचा झालेला.
सपाट, राखाडी, कशाचीच खूण नाही.
सगळे गेले. परशराम फाटकात उभा.
कुठल्या भाषेत काय सांगणार?
मी चपला काढल्या,
फरशी पुसायच्या बादलीत पाय बुडवले,
आणि चालू लागलो.
मागं पाहिलं नाही.
पाणी सुकत जाईल, एवढीच काळजी.
तिठ्यापाशी पोचलो तेव्हा
पाठीमागं, अगदी जवळ,
कुणीतरी खाकरलं.