फलाट क्रमांक चार

एकशे ब्याऐंशीव्या पानावर
ऋजुता अडकून बसली आहे सांगली स्टँडवर,
मांडीवर भडंगाचा पुडा, त्यात नको तेवढी मिरची,
आणि चार दिवस झाले, मी तिला
ना गाडीत बसवते, ना घरी परत नेते.

कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये एक संवाद सुचतो,
तिसरीला निसटतो.
वाण्याच्या बिलामागे लिहिलेलं, "तू हसलास तेव्हा"...
पुढचं वाचता येत नाही, तिथे हळद सांडली आहे.
आमच्या गावात हळद कुठेही सांडते,
तिचा काही अर्थ लावू नये.

पुण्याहून प्रकाशकांचा फोन:
बाई, नायिका पस्तिशीच्या आत ठेवा.
नवरा वारलेला चालेल,
सोडलेला नको, वाचक बिचकतात.
मी हो हो म्हणते,
आणि फोन ठेवून तिला बावन्न वर्षांची करते.
डाव्या गुडघ्यात कळ, उजव्या कानाला कमी ऐकू येतं,
त्यामुळे निरंजननं जीव एकवटून दिलेली कबुली
तिला "चहा घेणार का" अशी ऐकू आली
आणि ती म्हणाली, साखर कमी.
हे लिहून मी एकटीच इतकी हसले
की अच्युतनं बाहेरून विचारलं,
काही सांडलं का?

तेवीस पुस्तकं.
लेकीच्या सासरी अजून "त्या काहीतरी लिहितात".
लग्नात पंगतीला शेजारी बसलेले प्राध्यापक म्हणाले,
हलकंफुलकं असतं ना तुमचं?
म्हटलं, तेवीसच्या तेवीस एकदम
उचलून बघा एकदा.

पुराच्या वर्षी पाणी मारुती चौकातून गावभागात शिरलं
तेव्हा अच्युतनं माळ्यावर आधी काय चढवलं?
गॅसची टाकी नाही, कपाटातला डबा नाही,
माझ्या कागदांचा गठ्ठा,
खताच्या पोत्यात घालून, वर दोन गाठी.
त्यातलं एक पान त्यानं आजवर वाचलेलं नाही.
म्हणतो, माणसं फार बोलतात त्यात.

मिरजेहून पत्र आलं, शमशाद नदाफ,
नर्स, कायम रात्रपाळी:
"ताई, तीनच्या सुमाराला वॉर्ड झोपला
की तुमचं पुस्तक काढते.
तुमच्या नायिकांना पाळी कधी येतच नाही का?
आणि रुसून निघून जातात,
तर त्या दिवशी डबा कोण करतं?
राग मानू नये. पुढचं कधी?"
पत्र टेबलाच्या काचेखाली सरकवलं,
पुरस्कारांसाठी ठेवलेली जागा
तशीही रिकामीच होती.
मग मागे बाराव्या पानावर गेले,
ऋजुताला आधी पोळ्या लाटायला लावल्या, नऊ,
आणि मग रुसवलं.

आज रात्री मोठ्यानं वाचत होते,
"साडेसहाची जत गाडी फलाट दोनवर लागली."
मच्छरदाणीतून आवाज आला:
जत गाडी दोनवर लागत नाही. चारवर.
आणि साडेसहाची नव्हे, सहा पस्तीसची.
पाच मिनिटांत माणूस पाणी पिऊन येतो.

एकतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक.

मी पेन खाली ठेवलं.
म्हणजे निरंजन चार दिवस
चारवर उभा होता, पाण्याची बाटली भरून,
आणि ही दोनवर बसून
भडंग संपवत होती.

म्हटलं, अच्युत, मग सांग ना तिला.
कुणाला?
तिला. स्टँडवर बसलीय.
तो उठून बसला. वेड लागलंय का, असं बघितलं,
मग घसा साफ केला,
आणि त्या नाकातल्या, दमलेल्या, सरकारी आवाजात
मच्छरदाणीच्या आतूनच म्हणाला,
प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.
जतकडे जाणारी गाडी
फलाट क्रमांक चारवर उभी आहे.

थांबला. परत एकदा म्हणाला,
जरा मोठ्यानं,

तिच्या डाव्या बाजूनं.