गुण्या

हार्लिंगेनच्या धक्क्यामागे, जुन्या मासळीच्या कोठारात
बाबा फरशा बसवत होते. मी अकरा वर्षांची.
कोपऱ्यात एक पांढरी ठेवली.
तिला लगटून तीन निळ्या, गुण्यासारख्या काटकोनात.
मग पाच पांढऱ्या. मग सात निळ्या.
"बघ, विषम आकडे ओळीने मिळवत जा,
दर वेळी चौरसच."
मी विचारलं, नेहमी?
गुडघ्यावरचं सिमेंट झटकत म्हणाले,
"तू बघितलंस ना?"

बघितलं होतं.
जमिनीवर चारच पट्टे होते
आणि मला शंभरावा दिसला,
भिंतीपलीकडे, ओहोटीच्या चिखलावर पसरत गेलेला.

पुढे ग्रोनिंगेनला सिद्धता शिकले.
पायरीमागून पायरी, कठडा न सोडता.
बाई म्हणायच्या, चित्र फसवतं.
फसवतंच; माझी दोन प्रमेयं चित्रानंच बुडवली.
तरी शेवटच्या ओळीनंतर
मी मान वर करून थांबायची
ते लख्ख होईल म्हणून.
नाही झालं, तर नुसतं पटलेलं असायचं.

सुट्टीत परत बाबांच्या हाताखाली.
सोबत मेब्राहतू, इरिट्रियाहून आलेला,
माल कालवायचा, फार बोलायचा नाही.
शुक्रवारी ठेकेदार ओएनेनं पाकिटं वाटली.
मेब्राहतूनं मोजले. पुन्हा मोजले.
"तीन दिवसांचे आहेत. मी पाच आलो."
ओएने हसला. कागद कुठाय, म्हणाला.

कुठल्या गृहीतकावरून, कोण जाणे,
मला ते दिसलं.
मधे पायरी एकही नव्हती.
मी बाबांकडे बघितलं.
बाबा गुण्या पुसत होते.
स्वच्छ होता तो,
तरी पुसत होते.

गाडीत मी म्हटलं, "तुम्ही बघितलंत ना?"
फ्रानेकरच्या फाट्यापर्यंत गप्प.
मग म्हणाले, "चित्र फसवतं."
माझंच वाक्य, मीच घरी आणलेलं.

सोमवारी मेब्राहतू आला नाही.
बाबाही माझ्याआधीच येऊन कुठेसे गेले होते.
न्हाणीच्या भिंतीवर, फरशी लागायच्या जागी,
पेन्सिलीनं त्याचं नाव, स्पेलिंग चुकलेलं,
आणि पाच उभ्या रेघा,
गुण्या लावून आखलेल्या.
खाली सही, तारीख.

माल आवळत चालला होता.
मी ती जागा सोडली
आणि पुढची फरशी लावली.