हातचा एक

मी डॉक्टर नाही.
कुइंब्राच्या टेकडीवर, शरीररचनेच्या तळघरात
मी टेबलं धुतो, चादरी ओल्या ठेवतो
आणि जूनमध्ये सगळं मोजून परत देतो.
एकतीस वर्षं. वहीतली सही: अदेरितु.

त्या साली चौदा नंबरवर
मातोझीन्युशकडची एक बाई होती.
नाव आम्हाला सांगत नाहीत.
तर्जनीवर पांढरे वण होते, आडवे, एकावर एक,
पत्र्याच्या धारेचे.
तारलीचे डबे भरणारीचे असतात तसे.
माझ्या आईचे होते.

पोरं कातडी सोलताना गप्प असतात,
मग कुणीतरी कोपराखालची एक दोरी ओढतं
आणि तिकडे, वीतभर लांब, मधलं बोट वाकतं.
दरवर्षी कुणीतरी किंचाळतं.
बोटांत मांस नसतं राबायला, सर सांगतात,
राबणारे सगळे वर, बाहीच्या आत,
मनगटाच्या बोगद्यातून नऊ दोऱ्या खाली सोडून बसलेले.

मला आवडतात ती हाताची दोन लांब हाडं.
तळवा वर करा, घ्यायला:
दोघी शेजारी शेजारी, बाकावरच्या बायकांसारख्या.
तळवा पालथा करा, द्यायला:
अंगठ्याकडची दुसरीवर आडवी पडते.
देताना थोडा पीळ पडतोच.
हे सरांनी नाही सांगितलं.

अंगठ्यामागच्या खळग्याला पुस्तकात तपकिरीची डबी म्हणतात.
आजोबा खरंच तिथे चिमूट ठेवायचे.
त्यांना पुस्तक कुणी दाखवलं नाही.

आणि मनगटात आठ.
एक होडी, एक चंद्रकोर, एक आकडेवालं,
बाकीची मला अजून नीट येत नाहीत,
पण करंगळीच्या बाजूला, कंडरेत दडलेला
वाटाणा येतो.

जूनमध्ये मोजले. सात.
पुन्हा मोजले, बोट ठेवून. सात.
शाळेतल्या लुर्देशबाई असत्या तर म्हणाल्या असत्या,
हातचा विसरलास, गाढवा.
गटाराची जाळी उचकटली: केस, धागे, सुईचं एक टोक.
सकाळी दहाच्या गाडीनं तिची बहीण यायची होती.

रात्री अकराला दार वाजलं.
नुएमिया, पहिल्या वर्षाची, पायात घरातल्या सपाता.
एप्रन धुवायला टाकला होता, म्हणाली.
बाहीच्या दुमडीतून काहीतरी टपकलं,
घरमालकीण म्हणाली, चणा राहिला गं तुझा,
आणि भिजवलेल्या चण्यांत टाकायला निघाली.
सगळी टेकडी ती मूठ आवळून चढून आली होती
आणि आता मूठ उघडेना.

मी तिला स्टुलावर बसवलं.
कोपराखाली, जिथे दोऱ्या धरणारे बसतात,
तिथे अंगठ्यानं दाबत राहिलो.
माझा हात फॉर्मॅलिनचा, तिचा साबणाचा.
एकेक बोट सुटलं.
तळव्यात एक खड्डा पडला होता,
त्यात तो.
स्वतःची सत्तावीस, आणि वर परकं एक.

एवढासा, म्हणाली ती, नसता मिळाला तर?
मी काय सांगणार.
मी वहीत सातावर रेघ मारून आठ लिहिले.
रेघ जरा वाकडी आली.

सकाळी बहीण आली. काळा कोट,
उन्हाळ्यातसुद्धा.
पेन दिलं. तिनं चष्मा शोधला, नाही सापडला,
तशीच वाकली,
करंगळीखालची मनगटाची कड कागदावर टेकवली,
तिथेच, जिथे वाटाणा असतो,
आणि त्यावर अख्खा हात पेलून
सावकाश, शाळेतल्यासारखं,
बहिणीचं नाव लिहिलं.