दोन्हीकडे

ताकाओकाच्या त्या दुकानात
हायातेच्या खांद्यावर टेप धरून शिंपी म्हणाला,
हा काळा एकच पुरतो, साहेब. दोन्हीकडे.
पोरगं हसलं. दोन्हीकडे म्हणजे कुठे कुठे?

लग्नाला पांढरा टाय, पाकिटात कोऱ्या नोटा,
बँकेत रांग लावून आणलेल्या.
मयताला काळा टाय, नोटा वापरलेल्या.
कोऱ्याच असल्या तर मधोमध एक घडी पाडायची,
नाहीतर वाटेल, तू तयारीतच बसला होतास.

बायकांच्या गळ्यात मोती, पण एकपदरी.
दुपदरी नको: दुःखाने पुन्हा
त्याच दारात येऊ नये.
हे सगळं तुझी आजी सांगायची.
मी नुसते हात बाहीत घालायचो.

तिच्या दिवशी सांगायला कोणी नव्हतं.
घाईत खिसा चाचपला तर
इत्सुकोच्या लग्नातला पांढरा टाय निघाला,
सोया सॉसचा डाग तसाच,
तिने तीनदा धुऊनही न गेलेला.
शेजारच्या मोरिवाकींनी आपल्या गळ्यातला काळा
सोडून माझ्या गळ्यात बांधला,
आणि स्वतः उघड्या कॉलरने
मागे, जोड्यांपाशी उभे राहिले. शेवटपर्यंत.
असं कुठल्याच नियमात बसत नाही.

शिंपी विचारतोय, कमरेत दोन बोटं जागा ठेवू?
ठेवा.
पोरगा अजून भरेल.
आतला खिसा मात्र जरा खोल शिवा.
का, ते त्याने अजून विचारलेलं नाही.