काटा

बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या मागं दोन रकाने पाडले.
डावीकडं होस्टेल, उजवीकडं रूम.
धानाच्या गिरणीवर एकोणीस वर्षं वजनकाटा सांभाळणारा माणूस,
मोजल्याशिवाय त्याला काही उतरवून घेता येत नाही.

होस्टेल : एका खोलीत तिघी. गेट साडेसातला बंद.
वरण पातळ, पण दोन्ही वेळ.
कूलर एकच, कॉरिडॉरच्या टोकाला,
वारा हवा तर दार उघडं टाकून झोपायचं.
रूम : साडेचार हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट,
बिल वेगळं, कूलर आपला आपण आणायचा.
पण दार आपलं.

उजव्या पारड्याला मी गुपचूप पासंग लावला होता.
आतून लावायची कडी
आमच्या घरी फक्त न्हाणीला आहे.

वडशाहून पहाटेची बस. गणेशपेठला उतरून तर्री-पोहा.
नाक पुसत बाबा म्हणाले,
"तिखट खाऊन राह्यले हे लोक, तरी शांत कसे काय?"

त्रिमूर्तीनगरातली पहिली खोली गच्चीवर, टिनाची.
बाबांनी वर हात लावला अन् झटकला.
"मे महिन्यात पापड भाजाले बरी आहे."

दुसरी प्रतापनगरात.
खिडकीत सीताफळाचं झाड, भिंतीत पुस्तकांचा कोनाडा,
दाराला नवी पितळी कडी.
मी ती एकदा सरकवून पाहिली. आवाजसुद्धा नाही.
काकूंनी पाणी दिलं. वडसा म्हणताच त्यांना नणंद आठवली,
तिच्याकडचा तांदूळ आठवला.
"बाळा, नाव काय म्हणालीस?"
प्रणोती.
"हो, गोड आहे. पूर्ण?"
प्रणोती शेषराव मेश्राम.

"यांना विचारून येते," म्हणून त्या आत गेल्या.
पंख्याला तीन पाती होती. त्यातलं एक वाकडं.
बाहेर आल्या तेव्हा पदराला हात पुसत होत्या, हात कोरडेच होते.
"अहो, कालच एकीला शब्द दिला म्हणे यांनी.
माझ्या ध्यानातच नाही राहिलं."
बाबांनी ग्लासातलं पाणी संपवलं,
ग्लास हलकेच खाली ठेवला. "येतो ताई."

चौकात चहा घेऊन त्याच गल्लीतून परत येताना
फाटकावर पाटी तशीच :
*रूम किरायाने देणे आहे. फक्त मुलींसाठी.*
बाबांनी ती अख्खी वाचली,
गिरणीवर वजनाची चिठ्ठी वाचतात तशी, सावकाश.
"काढाची राह्यली असन."

मग इंदोऱ्याला फोन. गिरणीतल्या रामटेकेंचा साळा.
आपली माणसं, कोणी काही पुसणार नाही, भाडंही कमी.
मी मान हलवली नाही.
इंदोऱ्याला जायला माझी ना नव्हती, आत्याकडं मी तिथं किती राहिलेय.
पण जावंच लागेल म्हणून जाणं
गळ्याखाली उतरेना.
हे बाबांना कसं सांगावं? ते त्यांनी विचारलंही नाही.
कॅलेंडर घडी करून खिशात घातलं.

होस्टेलच्या ऑफिसात फॉर्म.
नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जात, प्रमाणपत्राचा क्रमांक.
क्लार्कनं मान वर न करता शिक्का मारला.
"इथंबी पुसतातच," पायऱ्यांवर बाबा म्हणाले,
"पण लिहून पुसतात. पावती देतात."

गाडी आधी भरलेली मोजायची, मग रिकामी,
मधला फरक तो माल.
लहानपणी हे त्यांनीच शिकवलेलं.
बसच्या खिडकीत बाबा किती अरुंद दिसले.

रात्री दार उघडंच. कॉरिडॉरभर कूलरची घरघर,
ओल्या वाळ्याचा वास आमच्यापर्यंत येईस्तोवर कोमट.
समोरच्या खाटेवरची मुलगी, गोंदियाकडची,
अजून नीट बोललेली नाही. अचानक म्हणाली,
"ए, तुझं पूर्ण नाव सांग ना."

मी पंख्याकडं पाहिलं. याची पाती सरळ होती.

"अगं सांग," तिनं मार्करचं टोपण दातांनी काढलं,
माझी बाटली मांडीवर घेतली.
"इथं दोन प्रणोती आहेत. मेसमध्ये अदलाबदल होते."